घरातील ध्वनी आणि गोंगाट : अल्प खर्चाचे काही उपाय

(आदिलाबाद जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामस्थ व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पिण्याचे पाणी, कापसाचा भाव, पैनगंगेचा पूर असे विषय समोर असताना रेडिओची खरखर आणि खोलीतील घुमारा यांवर तासभर बोलावयाचे म्हणजे वेळ दवडणे होय, असे काहींच्या मनात आले असेल. ते स्वाभाविक आहे. परंतु हा विषय केवळ करमणुकीचा नाही. सन २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि १ सप्टेंबरपासून तेलंगणात दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून व टी-सॅटवरून पाठांचे प्रसारण सुरू झाले, तेव्हा घरातील दूरदर्शन संच हाच फळा झाला आणि त्याचा लहानसा ध्वनिक्षेपक हाच गुरुजींचा कंठ झाला. पत्र्याचे छप्पर, एकच खोली, शेजारी चाललेले मिक्सर आणि बाहेर पाऊस, अशा स्थितीत त्या कंठातून निघालेला किती भाग मुलाच्या कानापर्यंत पोहोचला असेल, याचा विचार आपण फारसा केला नाही. मूल उठून गेले की त्याचे लक्ष नाही, असा निष्कर्ष आपण काढून मोकळे झालो.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे एकाच वस्तीत मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा आणि उर्दू कानी पडतात. सन १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, पुढे आंध्र प्रदेशात आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात, असा या भूभागाचा प्रवास झाला. परंतु राज्यांच्या सीमा बदलल्या तरी घरातील बोली बदलली नाही. निजामी राजवटीत, १९४०च्या दशकात, मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत काढण्यात आली होती. म्हणजे एक भाषा घरी, दुसरी शाळेत आणि तिसरी बाजारात, हा आपल्या मुलांचा जुनाच अनुभव आहे. आता ध्वनिशास्त्र व भाषाशास्त्र या दोहोंच्या अभ्यासातून एक गोष्ट निःसंशय सिद्ध झालेली आहे. मातृभाषा ऐकताना गोंगाटात एखादे अक्षर निसटले तरी मन ते अदमासाने भरून काढते. जी भाषा पुरती अंगवळणी पडलेली नाही, तिच्या बाबतीत मनाला हा अदमास बांधता येत नाही. म्हणून सारख्याच गोंगाटात परक्या भाषेत ऐकणाऱ्याचे नुकसान कितीतरी अधिक होते.

याचे कारण साधे आहे. आपल्या बोलण्यातील स्वर हे बळकट असतात, व्यंजने दुबळी असतात. 'पाट', 'ताट', 'खाट', 'लाट' या शब्दांतील 'आ' दूरवर ऐकू जातो. परंतु शब्दाशब्दांतील भेद ज्या पहिल्या व्यंजनामुळे होतो, ते क्षणार्धात येते आणि जाते. तेलुगूत 'पालु' म्हणजे दूध आणि 'कालु' म्हणजे पाय. 'स', 'श', 'त', 'थ', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख मुख्यतः उंच पट्टीतील ध्वनीवरून, सेकंदास दोन हजार व त्याहून अधिक कंपनांवरून पटते, आणि खरखर, पावसाची झड, पंख्याची सळसळ याच भागावर आक्रमण करतात. उलटपक्षी खोलीचा घुमारा मागच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर ओढून आणतो. अशा वेळी आपण काय करतो? आवाज मोठा करतो. त्यामुळे स्वर आणखी बळकट होतात, घुमाराही त्याच प्रमाणात वाढतो, आणि समजते मात्र पूर्वीइतकेच. तेव्हा पहिला प्रयत्न गोंगाट कमी करण्याचा असावा, आवाज वाढविण्याचा नंतर. वर्गात शिक्षकाचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वरचढ असावा, असे श्रवणतज्ज्ञ सांगतात. हे अंतर दोन्ही बाजूंनी गाठता येते. गोंगाट खाली आणणे हा त्यातील स्वस्त मार्ग होय.

प्रथम रेडिओकडे वळू. आदिलाबादचे आकाशवाणी केंद्र १९८६ साली सुरू झाले आणि ते एफ. एम. पद्धतीने १००.२ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. त्यापूर्वी आपल्या भागातील मराठी श्रोते नागपूरचे केंद्र मध्यम लहरीवर, ५८५ किलोहर्ट्झवर, लावीत असत. परभणी व हैदराबाद ही केंद्रेही मध्यम लहरीवरच होती. या दोन पद्धतींतील फरक समजून घेणे उपयुक्त आहे. मध्यम लहरीत आवाजाचा चढउतार लहरीच्या उंचीत साठविलेला असतो; वीज चमकली, मोटारीची ठिणगी उडाली, की त्या उंचीत भर पडते आणि खरखर ऐकू येते. शिवाय रात्री या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो कोस जातात, त्यामुळे दूरदूरची केंद्रे एकमेकांत मिसळतात. एफ. एम. मध्ये आवाज हा लहरीच्या कंपनसंख्येत साठविलेला असल्याने ठिणगीचा उपद्रव पुष्कळच कमी होतो. मात्र या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. उटनूरकडील डोंगराळ भागात, एखाद्या खोलगट जागी वसलेल्या गुड्यात, याच कारणाने केंद्र जवळ असूनही आवाज फाटतो.

त्यावर उपाय एरियलचा. शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे तीन मीटर असते. तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर. साधी दोन पदरी वायर घ्यावी, तिचे एक टोक उकलून दोन्ही पदर सुमारे ७१ ते ७५ सेंटिमीटर लांबीचे मोकळे करावेत व इंग्रजी 'टी' अक्षराप्रमाणे डावीउजवीकडे ताणून बांबूच्या काठीवर बांधावेत. खालचे न उकललेले टोक संचाच्या एरियलच्या दोन खुंट्यांना जोडावे. संचाला केवळ ओढता येणारी दांडी असेल तर एका पदराचे टोक तिला चिमट्याने लावले तरी फरक पडतो. ही काठी घराच्या आढ्यावर उभारल्यास उत्तम. तथापि कित्येकदा अंगणात चार पावले इकडेतिकडे सरकवूनही काम भागते, कारण डोंगरावरून परावर्तित झालेली लहर व सरळ आलेली लहर एका जागी एकमेकींना मारतात आणि दुसऱ्या जागी साहाय्य करतात. काठी आडवी व उभी अशी दोन्ही प्रकारे धरून पाहावी. ज्यांचा रेडिओ भ्रमणध्वनीतच आहे, त्यांनी लक्षात ठेवावे की बहुतेक भ्रमणध्वनींत कानात घालावयाच्या यंत्राची तार हीच एरियल असते. ती गुंडाळून खिशात ठेवली तर आवाज येईल कोठून?

एरियल विजेच्या तारेखाली वा तारेजवळ कदापि उभारू नये आणि मृगाच्या आधी वीज कडाडू लागली की ते संचापासून सोडवून घराबाहेर टाकावे. याविषयी अधिक बोलण्याची आवश्यकता नसावी.

मध्यम लहरीच्या संचात मात्र एरियल आतच असते. काळ्या फेराईटच्या कांडीवर तार गुंडाळलेली असते व ती बहुधा संचाच्या लांबीला समांतर बसविलेली असते. या कांडीचे टोक ज्या दिशेस असेल त्या दिशेकडील लहर तिला जवळजवळ ऐकू येत नाही. ही उणीव म्हणजे एक देणगीच आहे. संच सावकाश फिरवीत जावे. ज्या स्थितीत खरखर सर्वांत मंद होते, तेथे कांडीचे टोक खरखरीच्या उगमाकडे रोखलेले आहे असे समजावे. केंद्राचा आवाज थोडा उतरला तरी चालेल, खरखर अधिक उतरलेली असते.

हा उगम आहे तरी कोठे, हे शोधून काढण्याचे कामही तोच लहान संच करतो. सेलवर चालणारा रेडिओ घ्यावा, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावावा आणि घराचा मुख्य स्विच बंद करावा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. मग एकेक उपकरण चालू करीत जावे. अनुभव असा की, पुष्कळदा हा चोर म्हणजे हलक्या प्रतीचा एल. ई. डी. दिवा किंवा भ्रमणध्वनीचा चार्जर निघतो. यांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून घेतली जाते आणि खर्च वाचविण्यासाठी गाळणीचे भाग गाळलेले असतात. दिवा बदलावा हे सरळ. परंतु चार्जरची तार जुन्या संगणकाच्या तारेवरील फेराईटच्या कड्यातून पाच-सहा वेढे देऊन नेली तरी पुष्कळ सुधारणा होते. असे कडे दुरुस्तीच्या दुकानात भंगारात पडलेले असते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या घरावर असताना गुरगुरतो, शेवटच्या घरावर शांत होतो. मिक्सरमधील कार्बनचे ब्रश झिजले म्हणजे ठिणग्या उडतात, त्याही ऐकू येतात. ट्यूबलाइटचा स्टार्टर लुकलुकत असेल तर तो बदलण्यास फारसे पैसे लागत नाहीत.

मुख्य स्विच बंद करूनही खरखर टिकली, तर संच हातात घेऊन बाहेर पडावे. दर सेकंद-दीड सेकंदास 'टक्, टक्' असा एकसारखा ठोका येत असेल, तर तो बहुधा शेताच्या सौर कुंपणाचा, म्हणजे आपण ज्याला झटका मशीन म्हणतो त्याचा होय. रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी ही यंत्रे आता सर्वत्र बसली आहेत. यंत्र निर्दोष असेल तर ठोका मंद असतो. तो मोठा ऐकू येऊ लागला म्हणजे तारेला कोठेतरी गवत टेकले आहे किंवा चिनी मातीची वा प्लॅस्टिकची खुंटी तडकली आहे आणि तेथे ठिणगी पडत आहे. त्या बाजूचे गवत कापले की रेडिओही शांत होतो आणि कुंपणाचा झटकाही पूर्ववत होतो. एका फेरीत दोन कामे होतात. (सौर यंत्राऐवजी थेट घरगुती वीज कुंपणात सोडणारे काही महाभाग आहेत. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसे मेलेली आहेत.) ठोक्याऐवजी सलग भरभर असेल आणि ती विजेच्या खांबाजवळ किंवा डी.पी.जवळ वाढत असेल, तर तेथील जोड सैल आहे. खांबाचा क्रमांक लिहून घेऊन लाइनमनला कळवावे; काठीने खांब हलवून पाहण्याचे धाडस कोणीही करू नये.

आता संचातून येणारी गुणगुण. ध्वनिवर्धक किंवा मोठा स्पीकर लावला की मागे एक 'हूं' असा अखंड सूर लागतो. आपली वीज सेकंदास पन्नास आवर्तने पुरी करते, तिचा हा सूर. त्याचे मूळ तीन ठिकाणी असते. आवाजाची बारीक तार विजेच्या तारेला चिकटून धावत असेल तर ती वेगळी करावी. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावी. पिन सैल असेल तर ती काढून कोरड्या फडक्याने पुसून घट्ट बसवावी. अर्थिंग खराब असेल तर मात्र जाणकार वायरमनकडून ते नीट करून घ्यावे. खड्ड्यातील मीठ-कोळसा वर्षानुवर्षे कोरडा पडलेला असतो. उन्हाळ्यात तेथे बादलीभर पाणी ओतण्याची जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. गुणगुण थांबते म्हणून तीन खुंट्यांच्या पिनेतील मोठी खुंटी कापून टाकण्याचा सल्ला काही कारागीर देतात. तो ऐकू नये. ती खुंटी जिवाच्या रक्षणासाठी आहे, सुरासाठी नव्हे.

एक युक्ती तर अगदीच बिनखर्ची. भ्रमणध्वनी मोठ्या स्पीकरला जोडताना पुष्कळ जण भ्रमणध्वनीचा आवाज अर्ध्यावर ठेवतात व स्पीकरचा पुरा चढवितात. त्यामुळे तारेत शिरलेली गुणगुण व सूं-सूं यांचाही गुणाकार होतो. भ्रमणध्वनीचा आवाज तीन-चतुर्थांशाच्या वर ठेवावा आणि स्पीकरचा उतरवावा. भजनी मंडळांनीही हेच करावे : माइक तोंडापासून चार बोटांवर धरावा आणि पेटीवरील चावी खाली आणावी. माइक हातभर दूर धरून चावी चढविली की शिट्टी वाजू लागते, मग स्पीकरच्या नावाने खडे फोडले जातात.

आतापर्यंत यंत्राविषयी झाले. आता खोलीविषयी. या भागाला मी अधिक वेळ देणार आहे, कारण दोष बहुधा येथेच असतो आणि त्याचा आळ यंत्रावर येतो. दिवाळीच्या दंडारीत गुसाडी नाचतात तेव्हा ढोलांचा आवाज केवढा असतो! तरी मोकळ्या अंगणात तो कानाला गोड लागतो. तेच ढोल सिमेंटच्या सभागृहात वाजवून पाहा. अंगणात निघालेला ध्वनी परत येत नाही. सभागृहात तो भिंतीवरून, छतावरून, फरशीवरून पुनःपुन्हा परत येतो.

या परतीचे गणित प्रथम मांडले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबाईन या तरुण पदार्थविज्ञान-शिक्षकाने. सन १८९५ मध्ये तेथील फॉग कलासंग्रहालयात नवे व्याख्यानगृह झाले. दिसायला सुंदर, परंतु बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि श्रोत्यांना काही कळत नसे. सॅबाईनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, थोड्याथोड्या करून मांडल्या, प्रत्येक वेळी घुमारा किती सेकंद टिकतो ते ऑर्गनची नळी वाजवून व घड्याळ लावून मोजले, आणि सकाळी नाट्यगृह उघडण्यापूर्वी गाद्या परत नेऊन ठेवल्या. अशा अनेक रात्रींतून जो नियम हाती आला, तो आजही सर्व जगात वापरला जातो. खोलीच्या घनमीटरांतील घनफळाला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे घुमाऱ्याचे सेकंद. शोषणाचे एकक म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक.

शिक्षक बंधूंनी हे गणित आपल्या वर्गखोलीस लावून पाहावे. सात मीटर लांब, सहा रुंद, तीन उंच अशी खोली घेऊ. घनफळ १२६ घनमीटर. फरशी, छत व भिंती मिळून १६२ चौरस मीटर. प्लॅस्टर व फरशी पडलेल्या ध्वनीपैकी अवघा शेकडा तीन इतकाच भाग पितात असे धरल्यास शोषण पाच एककांच्याही आत भरते. घुमारा चार सेकंदांहून अधिक! चार चौरस मीटर खिडक्या उघडल्या की तो सव्वादोन सेकंदांवर येतो. तीस मुले येऊन बसली, प्रत्येकाचे शोषण सरासरी ०.३ धरले, तर तो १.१ सेकंदांवर येतो. आता मागील भिंतीवर चार मोठ्या गोधड्या, मिळून बारा चौरस मीटर, भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगल्या, तर आणखी सहा एककांची भर पडते आणि घुमारा सुमारे ०.८५ सेकंद होतो. अमेरिकेत २००२ साली ठरलेल्या मानकानुसार लहान वर्गखोलीत तो, मुले नसतानाही, ०.६ सेकंदांपेक्षा अधिक असू नये. आपण तेथवर पोहोचलो नाही हे खरे, पण चारावरून पाऊणच्या जवळ आलो, आणि खर्च दोरीचा व खिळ्यांचा.

गोधडीच का, असा प्रश्न येईल. आपला जिल्हा कापसाचा. कापसाच्या तंतूंमधील बारीक पोकळ्यांत हवा मागेपुढे सरकताना घर्षण होते आणि ध्वनीच्या शक्तीची उष्णता बनते. यासाठी कापूस जाड, सच्छिद्र आणि भिंतीपासून थोडा दूर असावा लागतो; भिंतीला चिकटवलेल्या पातळ कापडाचा उपयोग अल्प. जुन्या गादीचा पिंजून घेतलेला कापूस बारदानाच्या दुहेरी शिवलेल्या पिशवीत भरून दोन-तीन बोटे जाडीच्या गाद्या केल्या, तर त्या गोधडीपेक्षाही सरस ठरतात. मात्र कापूस पेटतो. चूल, समई, उदबत्ती, विजेचे बटण यांपासून या गाद्या हातभर दूरच असाव्यात, आणि उन्हाळ्यात त्यांना ऊन दाखवावे म्हणजे ढेकूण-कसर होत नाही. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीवर लावण्याची टूम शहरांतून आली आहे. त्यांनी फार तर उंच पट्टीचा थोडा ध्वनी शोषला जातो. बाहेरचा गोंगाट थोपवण्याचे काम ते मुळीच करीत नाहीत.

हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आतला घुमारा शोषण्यास मऊ, पोकळ वस्तू लागते. बाहेरचा आवाज अडविण्यास जड आणि फट नसलेली वस्तू लागते. रस्त्यावरील ट्रॅक्टरचा आवाज गोधडीने थांबत नाही. तो दाराखालच्या दोन बोटांच्या फटीतून येतो. तेथे जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी खिळ्यांनी ठोकावी, चौकटीच्या भेगा मातीने वा सिमेंटने भराव्यात. पत्र्याच्या छपराचा प्रश्न निराळा. तेथे पावसाचा थेंब पत्र्याला नगाऱ्यासारखा वाजवितो. खालून हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत घालावे व त्यावर बारदानाचा थर पसरावा. आवाजही उतरतो आणि मे महिन्यातील उष्माही. वाऱ्याने पत्रे खडखडत असतील तर हुकांचे बोल्ट कसावेत व वॉशरखाली ट्यूबचे रबर घालावे. कुलरसाठी हीच युक्ती : तो खिडकीच्या चौकटीवर टेकवू नये, स्वतंत्र पायांवर उभा करून पायाखाली टायरचे तुकडे द्यावेत.

स्पीकर कोठे ठेवावा? कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती व जमीन मिळून खालच्या पट्टीला बळ देतात. गाण्याला ते काहींना आवडते. पाठाला आणि बातम्यांना ते मारक आहे, कारण शब्द गढूळ होतात. तो भिंतीपासून हातभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, लाकडी स्टुलावर ठेवावा. पत्र्याच्या कपाटावर ठेवला तर कपाटही गाऊ लागते. उघडा, बिनपेटीचा स्पीकर कोणाकडे असेल तर तो जाड लाकडी पेटीत घट्ट बसवून आत थोडा कापूस सैलसर भरावा. स्पीकरच्या मागून निघणारी लहर पुढच्या लहरीस मारीत असते, ती पेटीत कोंडली जाते आणि आवाज भरदार होतो. ज्या पेटीत विजेचे भाग आहेत तिच्यात कापूस भरू नये. भ्रमणध्वनी माठात ठेवून आवाज वाढविणे ही मौजेची गोष्ट आहे, परंतु माठ आपल्याला आवडेल तोच सूर वाढवितो, बाकीचे बुडवितो. अंगाईगीतास ठीक, गणिताच्या पाठास नव्हे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जवळ बसणे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो; अंतर निम्मे केले की तितकाच चढतो. यंत्राकडून हे ६ डेसिबल मिळवावयाचे तर चौपट शक्ती लागते. सन १९५६ मध्ये पुणे केंद्राने सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला, तेव्हा एका संचाभोवती गावकरी बसून मराठी कार्यक्रम ऐकत आणि लगेच चर्चा करीत. आजही शाळेत एकच संच असेल तर तो भिंतीच्या टोकाला टांगण्याऐवजी मुलांच्या मधोमध ठेवून अर्धवर्तुळात बसविणे श्रेयस्कर. ज्या मुलाची घरची बोली पाठाच्या भाषेहून वेगळी आहे, त्याला पहिल्या रांगेत जागा द्यावी. तो उंच असला तरी द्यावी. आजीआजोबा सतत आवाज वाढवा म्हणत असतील, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात कान दाखवावेत. कधीकधी नुसता मळ निघतो.

अधिकारी मंडळींसाठी दोन शब्द. ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० सालापासून लागू आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास सामान्यतः मनाई आहे. शाळा व रुग्णालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून राखावयाचे असते. नियम पुस्तकात आहेतच. पण शाळेची नवी खोली बांधताना ती रस्त्याकडे पाठ करून बांधली, पिठाची गिरणी तिच्या भिंतीला लागून होऊ दिली नाही आणि मागील भिंतीत दोरी बांधण्यासाठी चार कड्या बसविल्या, तर पुढे अर्ज-विनंत्यांची वेळ कमी येईल. या कड्यांचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात सहज सामावतो.

पलीकडच्या वर्गात आपल्या गावातील भगिनींनी आणलेल्या गोधड्या दोरीवर टांगून ठेवल्या आहेत. एकदा त्या काढून आणि एकदा लावून तोच पाठ आपण ऐकू. मुलांना प्रथम आत जाऊ द्यावे. आपण मागे उभे राहू, आणि कोणत्या वेळी किती शब्द कळले ते मुलांनीच पाटीवर लिहावे.